हळू म्हणजे नेमके किती हळू?

प्रश्न : माझे वय ४४ असून गेली अठरा वर्षे माझे काम खुर्चीत बसूनच चालते. उंचीच्या मानाने वजन वीस-बावीस किलोंनी जास्त आहे. अलीकडच्या तपासणीत रक्तदाब किंचित वाढलेला आढळला. हृदय व्यवस्थित आहे, औषधाची गरज अद्याप नाही, मात्र नियमित व्यायाम सुरू करा, असे डॉक्टरांनी सांगितले. म्हणून मी पहाटे धावायला गेलो. तीन वेळा गेलो आणि तिन्ही वेळा दोन-तीन मिनिटांतच छाती फुटेल की काय, अशी धाप लागून थांबावे लागले. तिसऱ्या दिवशी शेजारून सहज पळत गेलेला एक तरुण ‘सावकाश, काका’ म्हणाला. त्याच्या मनात काही वाईट नसेलही, पण त्यानंतर पंधरा दिवस मी घराबाहेर पडलेलो नाही. शाळेतही शर्यतीत मी शेवटचाच असायचो. माझ्यासारख्याने या वयात धावण्याच्या भानगडीत पडावे का? पडायचे असेल तर सुरुवात कशी करावी, गुडघ्यांचे काय होईल आणि लोकांच्या नजरांचे काय करावे?

उत्तर : आपल्याला त्या तरुणाचे शब्द लागले, हे मी समजू शकतो, पण आपल्या पत्राला एका शब्दात उत्तर द्यायचे झाले, तर मलाही ‘सावकाश’ हाच शब्द वापरावा लागेल. तीन मिनिटांत छाती भरून येणे ही वयाची किंवा फुप्फुसांच्या दुबळेपणाची खूण असण्यापेक्षा वेग चुकल्याची खूण असण्याचा संभव कितीतरी अधिक आहे. आपण धावू शकत नाही, असे त्यातून मुळीच सिद्ध होत नाही. झेपणार नाही इतक्या वेगाने आपण धावलात, एवढेच सिद्ध होते.

यामागचे कारण शरीराच्या कामकाजात आहे. स्वस्थ बसलेला माणूस एकदम पळू लागला, की स्नायूंची प्राणवायूची मागणी तत्क्षणी वाढते, पण हृदय आणि श्वसन यांना त्या मागणीशी जुळवून घ्यायला दोन-तीन मिनिटे लागतात. मधल्या काळातील तूट स्नायू प्राणवायूशिवाय चालणाऱ्या मार्गाने भरून काढतात. वेग बेताचा असेल तर ही ओढाताण थोड्या वेळात मिटते आणि श्वासाला लय सापडते. वेग आवाक्याबाहेरचा असेल तर ती मिटण्याऐवजी वाढत जाते आणि माणूस नेमका त्या दोन-तीन मिनिटांपाशी थांबतो. मुरलेल्या धावपटूंनाही पहिला टप्पा जड जातो. फरक इतकाच, की तो सरणार आहे हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते आणि आपण त्यालाच अंतिम निकाल मानून घरी परततो. म्हणून धावण्याआधी निदान पाच मिनिटे झपाझप चालावे.

मग आपण इतक्या वेगाने का धावलात? माझ्या मते आपला संकोच आणि आपली धाप या दोन वेगळ्या तक्रारी नाहीत. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा अभ्यासात पायवाटेवरून धावणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या वेगाची त्यांच्या नकळत नोंद घेण्यात आली. वाटेत एक स्त्री त्यांच्याकडे तोंड करून बसलेली असली, की धावणाऱ्यांचा वेग वाढे. ती पाठ करून बसलेली असली किंवा तिथे कोणीच नसले, तर तसा वाढत नसे. आपल्याकडे कोणी पाहत आहे, एवढी जाणीव पायांना पुरते. नवख्या आणि संकोची माणसाला तर प्रत्येक खिडकी आपल्याकडेच तोंड करून बसली आहे असे वाटत असते. तो बरा दिसावा म्हणून जोरात धावतो, जोरात धावल्याने त्याला धाप लागते आणि धाप लागल्याने तो अधिकच ओशाळतो. हे चक्र वेगापाशी तोडता येते. मनाची समजूत घालत बसण्यापेक्षा ते कितीतरी सोपे आहे.

आता हळू म्हणजे किती हळू, ते पाहू. धावता धावता एक पूर्ण वाक्य मध्ये श्वास न तुटता बोलता आले पाहिजे. दोन-तीन शब्दांतच थांबावे लागत असेल तर वेग जास्त आहे, मग तो घड्याळात कितीही क्षुल्लक दिसो. सुरुवातीला या कसोटीला उतरणारा वेग झपाझप चालणाऱ्या माणसापेक्षाही कमी भरेल आणि एखादा पादचारी आपल्याला मागे टाकून जाईल. त्याला जाऊ द्यावे. चालताना एक तरी पाय सदैव जमिनीवर असतो आणि धावताना प्रत्येक पावलागणिक क्षणभर दोन्ही पाय अधांतरी असतात. दोन्हींतला मूळ भेद हा आहे आणि त्यात वेगाची अट कुठेही नाही.

या हळू धावण्याला बऱ्यापैकी प्रतिष्ठित इतिहास आहे. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी १९६० च्या दशकाच्या प्रारंभी ऑकलंडमध्ये शरीराने सुटलेल्या मध्यमवयीन लोकांना गप्पा मारता येतील अशा गतीने पळायला लावले. १९६२ मध्ये अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठाचे नामांकित धावप्रशिक्षक बिल बोवरमन तिथे गेले असता या मंडळींबरोबर निघाले आणि चक्क मागे पडले. तेव्हा ते ५१ वर्षांचे होते आणि इतरांना धावायला शिकवणे हाच त्यांचा पेशा होता. सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ त्यांच्यासाठी गती कमी करून त्यांच्यासोबत राहिले. बोवरमन यांनी पुढे हा प्रकार मायदेशी नेला आणि सामान्य माणसाने संथ गतीने धावण्याची चळवळ तिथे पसरली. आपण अपमान मानलेला प्रसंग त्यांच्याही वाट्याला आला होता, फक्त तिथे ‘सावकाश’ म्हणणारा वयाने मोठा होता.

प्रत्यक्ष आखणीसाठी जॉश क्लार्क यांनी १९९६ मध्ये तयार केलेला ‘काउच टू फाइव्ह के’ (म्हणजे सोफ्यावरून पाच किलोमीटरपर्यंत) हा नऊ आठवड्यांचा कार्यक्रम अजूनही उपयोगी आहे. त्याच्या पहिल्या आठवड्यात पाच मिनिटे चालून झाल्यावर ६० सेकंद धावणे आणि ९० सेकंद चालणे आलटून पालटून वीस मिनिटे करायचे असते, तेही आठवड्यातून तीनच दिवस. माझी त्यात एक दुरुस्ती आहे. नऊ आठवडे हा आकडा मनातून काढून टाकावा. जो आठवडा जड जाईल तो दोनदा, गरज पडल्यास तीनदा करावा. वीस किलोंचा जादा भार वाहणाऱ्याला नवाऐवजी सोळा आठवडे लागले, तर त्यात हिशेबाबाहेरचे काही घडलेले नाही. तसेच चालण्याचे टप्पे ही शिक्षा समजू नये. १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर धावलेले जेफ गॅलोवे यांची सारी पद्धतच धावता धावता ठरवून चालण्यावर उभी आहे. त्यातली खुबी अशी, की दमल्यावर चालायचे नसते, दमण्याच्या आधी चालायचे असते. थकून थांबलेला माणूस हरल्यासारखा दिसतो आणि त्याला तसे वाटतेही. घड्याळ पाहून चालू लागलेला माणूस आपला बेत पार पाडत असतो.

सावध राहायला हवे ते चौथ्या-पाचव्या आठवड्याच्या सुमारास. हृदय आणि श्वास काही आठवड्यांतच सुधारतात, पण स्नायूंना हाडांशी जोडणारे कंडरे आणि स्वतः हाडे यांना बळकट व्हायला महिने लागतात. त्यामुळे दम पुरतो, उत्साह वाढतो, माणूस तीनऐवजी सहा दिवस धावू लागतो आणि नडगी किंवा टाच दुखू लागते. मधले विश्रांतीचे दिवस याचसाठी आहेत. दोन्ही पोटऱ्या सारख्याच आंबल्या असतील तर काळजी नको; मात्र हाडावर एकाच जागी बोट ठेवून दाखवता येईल अशी वेदना चालतानाही टिकत असेल, तर धावणे बंद ठेवून डॉक्टरांना दाखवावे. छातीत दडपण, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, भोवळ, अकारण धडधड यांपैकी काहीही झाल्यास त्याच क्षणी थांबून वैद्यकीय मदत घ्यावी. तिथे ‘आणखी एक मिनिट’ हा हट्ट नको.

गुडघ्यांविषयीची भीती सार्वत्रिक आहे, पण ती निदान सरसकट खरी नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यासांचा एकत्रित विचार करणाऱ्या एका आढाव्यात छंद म्हणून धावणाऱ्यांपैकी सुमारे ३.५ टक्के लोकांत गुडघ्याचा किंवा खुब्याचा संधिवात आढळला, तर न धावणाऱ्या, बैठ्या लोकांत हे प्रमाण सुमारे १०.२ टक्के होते. धावल्यानेच सांधे वाचतात, असा सरळ अर्थ यातून काढू नये, कारण ज्यांचे गुडघे दुखतात ते आपोआप धावणे सोडतात आणि दुसऱ्या रांगेत जाऊन बसतात. पण बेताने धावल्याने गुडघे झिजतात, या समजुतीला त्यातून आधार मिळत नाही, एवढे नक्की. धावताना प्रत्येक पावलाला जमीन शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोराने उलट दाब देते, हे मात्र खरे. त्यावर उपाय लांब ढांगा टाळण्याचा आहे. त्याच गतीला पावले थोडी आखूड आणि पाच ते दहा टक्के अधिक जलद टाकली, तर गुडघ्यावरचा भार कमी होतो.

राहता राहिल्या लोकांच्या नजरा. ‘कोणीही तुमच्याकडे पाहत नाही’ असे आश्वासन देण्याचा प्रघात आहे, पण मी ते देणार नाही. काही जण पाहतात आणि क्वचित कोणी बोलतोही. प्रश्न किती जण, हा आहे. मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना ओशाळवाणे वाटेल असे चित्र असलेला टीशर्ट घालून भरल्या खोलीत पाठवले. जवळजवळ निम्म्या लोकांनी तो टिपला असेल, असा घालणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात सुमारे एक चतुर्थांश लोकांनीच तो टिपला होता. तेव्हा मनातल्या प्रेक्षकांची संख्या निम्म्यावर आणायला हरकत नाही. उरलेल्यांसाठी पहिले काही आठवडे कमी वर्दळीची वेळ आणि वाट निवडावी. त्यात भ्याडपणा नाही. मैदानाला फेऱ्या मारण्यापेक्षा दहा-बारा मिनिटे एका दिशेने जाऊन त्याच वाटेने परतणे बरे, कारण फेरी कुठेही सोडता येते, परतीची वाट मात्र चालत का होईना, पुरी करावीच लागते. शिवाय तीच माणसे पुन्हा पुन्हा समोर येत नाहीत.

प्रश्न : माझे वजन बरेच जास्त आहे. धावले की मांड्या घासून कातडी सोलवटते. महागडे बूट घेतल्याशिवाय सुरुवात करू नये, असेही मैत्रिणी सांगतात. हे खरे आहे का?

उत्तर : बूट धावण्यासाठीच बनवलेले असावेत, महाग असलेच पाहिजेत असे नाही. दुकानात चार-दोन पावले पळून पाहावे आणि पायाला सर्वांत सुखद वाटेल तो जोड घ्यावा. पायाच्या ठेवणीवरून बूट ठरवून देणाऱ्या अनेक तक्त्यांपेक्षा ही साधी कसोटी कमी भरवशाची ठरलेली नाही. धावताना पाय थोडे सुजतात, म्हणून पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहू द्यावी. खर्च करायचाच असेल तर तो आधी घट्ट आधार देणाऱ्या स्पोर्ट्स ब्रावर करावा, कारण ती नीट नसल्याने कित्येक जणी धावणे सोडतात आणि दोष स्वतःच्या शरीराला देतात. मांड्यांसाठी गुडघ्यापर्यंत येणारी, अंगाला चिकटून बसणारी आखूड विजार घालावी आणि घासणाऱ्या जागी निघण्यापूर्वी पेट्रोलियम जेली लावावी. सुती कपडा घामाने भिजला की अधिक काचतो, म्हणून तो टाळावा. सोलवटलेली कातडी पुरती भरून येईपर्यंत नुसते चालावे.

प्रश्न : धावताना बरगडीखाली एका बाजूला कळ येते. श्वास नाकाने घ्यावा की तोंडाने?

उत्तर : दोन्हींनी, शरीराला जेवढी हवा लागते तेवढी नुसत्या नाकाने मिळाली नाही, तर तोंड आपोआप उघडते आणि ते मिटून ठेवण्यात काही पुण्य नाही. कळ आली की चालू लागावे, दुखऱ्या जागी बोटांनी दाबून किंचित पुढे वाकावे आणि खोल श्वास सावकाश सोडावा. बहुधा मिनिटा-दोन मिनिटांत ती जाते. भरपेट खाल्ल्यानंतर निदान दोन तास धावू नये आणि निघण्याच्या तोंडावर तांब्याभर पाणी एकदम पिऊ नये.