बेसबॉलपटू रे चॅपमन डोक्याला चेंडू लागून गेला हे सगळे सांगतात, पण तो खेळाडू म्हणून कसा होता? हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या महान खेळाडूंच्या मानाच्या यादीत, गेला असता का?

चांगलाच होता. त्याच्या मरणाची गोष्ट इतक्यांदा सांगितली जाते की खेळ मागे पडला, याची मला जरा चीडच आहे.

चॅपमन १९१२ ते १९२० अमेरिकेतल्या क्लीव्हलँड संघाकडून खेळला. जागा शॉर्टस्टॉपची, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली (बेस म्हणजे धाव पूर्ण करायला क्रमाने गाठायचे थांबे). जमिनीलगत जोरात येणारे सर्वाधिक फटके तिथेच येतात. पण त्याची खरी ओळख बंट. बॅट नुसती आडवी धरायची, चेंडू दोन पावलांवर मरेल असा टेकवायचा, आपण बाद व्हायचं आणि साथीदाराला पुढच्या बेसवर सरकवायचं. १९१७ मध्ये त्याने असे ६७ 'सॅक्रिफाइस' दिले. एका हंगामातला तो विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे आणि आता बंट करतंच कोण, म्हणून तो मोडेल असं वाटत नाही. त्याच वर्षी ५२ बेस चोरले, म्हणजे फटका नसतानाच धावून पुढचा बेस गाठला. क्लीव्हलँडचा तो विक्रम १९८० पर्यंत टिकला. पुढच्या वर्षी अमेरिकन लीगमध्ये (तिथल्या दोन मोठ्या लीगपैकी एक) सर्वाधिक ८४ धावा त्याच्या.

बॅटिंगला तो वाकून, प्लेटला (बॅटरच्या पुढ्यातल्या पांढऱ्या पाटीला) अगदी खेटून उभा राहायचा. १६ ऑगस्ट १९२० ला न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर यँकीज संघाचा कार्ल मेज पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, होता. त्याचा हात जमिनीजवळून यायचा आणि चेंडू मळलेला, म्हणून नीट दिसणारा नव्हता. तेव्हा तो सामन्यात सहसा बदलत नसत. चेंडू कानशिलावर बसला, तर आवाजावरून मेजला वाटलं बॅटला लागला. त्याने तो उचलून बॅटरला बाद करायला चक्क पहिल्या बेसवर फेकला! दुसऱ्या दिवशी पहाटे चॅपमन गेला, वय २९. हेल्मेट सक्तीचं व्हायला १९७१ उजाडलं.

क्लीव्हलँडने त्याच वर्षी वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम मालिका, जिंकली. त्याच्या जागी आलेला जो सेवेल पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला.

चॅपमनचं म्हणाल, तर तिथे निदान दहा हंगाम लागतात, याचे नऊच. क्लीव्हलँडचाच पिचर अॅडी जॉसही नऊ हंगाम खेळून वारला, त्याच्यासाठी अट शिथिल केली होती. पण जॉसची कामगिरी फारच वरची. चॅपमनला आणखी पाच-सहा चांगले हंगाम लागले असते, असं माझं मत. शेवटच्या वर्षी बॅटिंगची सरासरी .३०३ होती, म्हणजे दर दहा वेळांत तीन यशस्वी फटके, म्हणजे उतरण काही लागली नव्हती.