कोर्ट मार्शल: निकाल लागला तरी शिक्षा कायम कोण करतो?

प्रश्न: लाल किल्ल्यातल्या खटल्यात आझाद हिंद सेनेचे अधिकारी दोषी ठरले, तरी सुटले कसे?

शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लाँ यांच्यावरचा खटला ५ नोव्हेंबर १९४५ला सुरू झाला. न्यायासनावर सात लष्करी अधिकारी होते, चार ब्रिटिश आणि तीन भारतीय. परतंत्र देशाला मुक्तीसाठी युद्ध पुकारण्याचा हक्क आहे, असा भुलाभाई देसाईंचा बचाव होता. न्यायालयाला तो पटला नाही. राजाविरुद्ध युद्ध केल्याबद्दल तिघेही दोषी ठरले. त्या गुन्ह्याला एक तर फाशी, नाही तर जन्मठेप. जन्मठेप झाली, शिवाय बडतर्फी आणि थकलेला पगार जप्त.

पण ही शिक्षा वरून कायम व्हावी लागते. सरसेनापती ऑकिनलेक यांनी जन्मठेप माफ केली, बाकी दोन्ही शिक्षा ठेवल्या आणि जानेवारी १९४६च्या सुरुवातीला तिघे बाहेर आले. याला दया म्हणणे मला पटत नाही. जन्मठेप अमलात आणली तर आपलीच फौज उलटेल, हे त्यांनी ओळखले होते. फेब्रुवारीत मुंबईत नौसैनिक उठलेच.

प्रश्न: मेरठला १८५७मध्ये शिपायांचा न्याय इंग्रजांनीच केला ना?

नाही. काडतुसे नाकारणाऱ्या ८५ स्वारांसमोर न्यायाला बसलेले १५ अधिकारी हिंदुस्थानीच होते. बहुतेकांना १० वर्षे सक्तमजुरी झाली. शिक्षा कायम करताना जनरल ह्युइटने फक्त ११ तरुणांची निम्मी केली. ९ मे रोजी साऱ्या फौजेदेखत त्यांच्या पायात बेड्या ठोकल्या. सोबत्यांचा तो अपमान पाहणाऱ्यांनी दुसऱ्याच संध्याकाळी तुरुंग फोडला.

प्रश्न: माझ्या पुतण्याला ‘समरी कोर्ट मार्शल’मध्ये बडतर्फ केले. शिक्षा वरून कायम न होताच लागू झाली. हे कायदेशीर आहे?

आहे, आणि हेच मला सलते. १९५०च्या लष्करी कायद्यानुसार इथे कमांडिंग ऑफिसर एकटाच न्यायालय असतो. आणखी दोघे हजर राहतात, पण त्यांना मत नसते. शिक्षा लगेच लागू होते. मात्र कागदपत्रे वरिष्ठांकडे जातात आणि तो निकाल त्यांना रद्द करता येतो. पुतण्याला आधी कामकाजाची प्रत मागायला सांगा. बडतर्फी असल्याने सशस्त्र दल न्यायाधिकरणातही दाद मागता येईल. त्याचे खंडपीठ मुंबईत आहे. मुदतीचे बंधन असते, म्हणून या आठवड्यातच लष्करी खटले चालवणारा वकील गाठा.