कोंडवाड्याच्या भिंतीला हात लावण्याआधी

प्रिय मित्रा,

गावातला जुना कोंडवाडा, म्हणजे पिकात शिरलेली गुरं कोंडायची जागा, दुरुस्त करायला घेताय म्हणून तू पाठवलेले फोटो सगळे नीट पाहिले. पश्चिमेची पडलेली भिंत, दारातली वेडी बाभूळ, आतला कचऱ्याचा ढीग आणि कोपऱ्यातली ती गुरांना पाणी पाजायची दगडी डोण. डोण शाबूत आहे हे पाहून फार आनंद झाला. कोंडलेल्या जनावराला चारा-पाणी देणं हे कोंडवाडा सांभाळणाऱ्याचं कायद्याने ठरवलेलं काम होतं, आणि त्याची खूण म्हणजे ती डोण. ती जागची हलवू नका. सुशोभीकरणात तिच्यात फुलझाडं लावायची सूचना कोणीतरी करेल, तेव्हा ठाम नाही म्हण.

तुमच्या मंडळातल्या पोरांना कोंडवाडा ‘शिवकालीन’ म्हणून पाटी लावायची आहे, असं तू लिहिलं आहेस. पुरावा हाती नसेल तर अशी पाटी लावू नका. गुरं कोंडायची ही सरकारी व्यवस्था आपल्याकडे 1857 च्या आणि नंतर 1871 च्या कायद्याने घातली गेली. पिकात शिरलेलं जनावर शेतकऱ्याने धरायचं, 24 तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवायचं. दंडाचे दर कायद्यातच छापलेले होते: हत्तीला 2 रुपये, म्हशीला 8 आणे, गाय-बैलाला 4 आणे, वासराला 2 आणे, शेळी-मेंढीला 1 आणा. वर चाऱ्याचा खर्च वेगळा. सात दिवसांत मालक आला नाही तर गावात आणि जवळच्या बाजारात दवंडी पिटायची, आणि त्यानंतरच्या सात दिवसांतही कोणी आलं नाही तर जाहीर लिलाव. पाटीवर हे लिहा. शाळेतली मुलं दर वाचतील आणि हत्तीपाशी थांबून घरी जाऊन विचारतील. गावाचा खरा इतिहास एवढा भरलेला असताना खोटं वय कशाला चिकटवायचं?

आणि एक गोष्ट मनात धर. कोंडवाडा म्हटलं की म्हातारी माणसं खुशीने बोलतीलच असं नाही. राखीव जंगलात शिरलेली गुरंही याच कायद्याखाली कोंडली जात. ज्याला स्वतःचं रान नव्हतं, ज्याची एकच गाय माळावर चरायची, त्याच्यासाठी ते चार आणे जड होते. कोणाची गाय सोडवायला घरातलं भांडं गहाण पडलं असेल, कोणी भाऊबंदकीच्या रागातून शेजाऱ्याचा बैल मुद्दाम आत घातला असेल. हे सगळं ऐकून घे, लिहून ठेव. देवळाच्या पारावर बसणाऱ्यांनाच विचारून थांबू नकोस. धनगरवाड्यात जा, गावकुसाबाहेरच्या वस्त्यांत जा, आणि बायकांना विचार, कारण दूध काढायच्या वेळी गाय घरी आली नाही की शोधायला बऱ्याचदा त्याच निघत. दगड रचायच्या आधी हे काम झालं पाहिजे. तशी घाई नको, पण ही माणसं थांबणार नाहीत.

आता भिंत. ती का पडली, हे आधी शोध. माझा अंदाज पाण्याचा आहे. फोटोत भिंतीच्या बाहेरून रस्त्याचा भराव चढलेला दिसतो. पावसाचं पाणी तिथे साचून पायात मुरत असणार. आधी भिंतीला पोट सुटतं, मग एखाद्या पावसाळ्यात ती बसते. पाण्याला वाट दिल्याशिवाय तुम्ही कितीही सुंदर रचलंत तरी ती पुन्हा बसेल. म्हणून पहिला खर्च चराचा, दगडाचा नाही.

सिमेंट वापरू नका. तुम्हाला ते फुकट मिळेल, कोणीतरी गोण्या देऊ करेल, तरीही नको. चुना-मातीशिवाय कोरड्या रचलेल्या भिंतीतून पाणी वाहून जातं आणि ती थोडी हलू शकते. दगडांमधल्या फटी सिमेंटने भरल्या की पाणी आत कोंडतं आणि भिंतीचा जोर भलतीकडेच येतो. जिथे मुळात चुना होता तिथे चुनाच हवा, तोही नीट विरवलेला. चुना डोळ्यांत गेला तर इजा होते, पोरांना चष्मे दे.

पडलेले दगड ढिगाऱ्यातून काढताना त्यांची वर्गवारी करा: तोंडाचे, आतल्या भरावाचे, पायाचे आणि भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड. हे शेवटचे सोन्यासारखे जपा. दोन्ही बाजूंची तोंडं तेच एकत्र धरतात, आणि पायरीला किंवा कपडे धुवायला लोक नेमके तेच उचलून नेतात. गावात विचारलंत तर काही परत मिळतील. रचताना दगडाची लांबी भिंतीच्या आत जाऊ दे, सांध्यावर सांधा येऊ देऊ नका, मधला गाळा मातीने नव्हे तर दगडाच्या चिपांनी ठासून भरा, आणि भिंत वर जाताना किंचित आत झुकली पाहिजे. उभ्या भिंतीला मात्र हात लावू नका. थोडी वाकडी असली तरी ती उभी आहे. सरळ करायच्या हौसेने चांगली भिंत उतरवलेली मी पाहिली आहे, आणि ती पुन्हा तशी उठली नाही. जेवढं पडलं आहे तेवढंच रचायचं. उंचीही जुनीच ठेवायची.

भिंतीत उगवलेलं पिंपळाचं रोप ओढून काढू नका, मुळासकट चार दगड येतील. कापा, आणि फुटवा आला की पुन्हा कापा. ढिगाऱ्यातला दगड हाताने उचलण्याआधी पहारेने हलवा. फुरसं आणि विंचू अशाच ठिकाणी असतात.

श्रमदान कचरा काढायला, चर खणायला, दगड वाहायला ठेव. रचायचं काम पाथरवटाचं आहे. तुमच्या तालुक्यात वडार वस्तीत जुने कारागीर सापडतील. त्यांना पूर्ण मजुरी द्या, ‘गावाचं काम आहे’ म्हणून कमी करू नका. पाटीवर देणगीदारांची नावं घालणार असाल तर या कारागिरांची नावं त्यांच्या वर घाला. दोन पोरं कारागिरांच्या हाताखाली कायम राहू देत. पुढे भिंतीचा एखादा दगड निसटला तर गावात कोणाला तरी तो बसवता आला पाहिजे.

कागदाचं थोडक्यात. जागा ग्रामपंचायतीच्या मालमत्ता नोंदवहीत आहे का ते पाहा, आणि गावठाणाची ड्रोन मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिकाही काढून घ्या. शेजारच्या गोठ्याचा कोपरा आत आलेला दिसतो. त्यावरून वाद घालू नका, मोजणी मागा. ग्रामसभेचा ठराव घ्या, आणि त्यात पुढच्या देखभालीची जबाबदारी कोणाकडे हेही लिहून घ्या.

आत काय करायचं, हे तू विचारलं आहेस. पेव्हर ब्लॉक नको, सेल्फी पॉइंट नको. मुरूम दाबा, एखादं कडुनिंबाचं झाड भिंतीपासून लांब लावा आणि डोणीत पाणी ठेवा. बाजाराच्या दिवशी बाहेरगावची जनावरं येतात, त्यांना सावली-पाणी मिळेल. भिंतींना रंग देऊ नका, काळा दगड तसाच राहू दे.

पावसाला अजून अवकाश आहे. या आठवड्यात पश्चिमेच्या भिंतीचे समोरून आणि दोन्ही टोकांकडून फोटो काढ, शेजारी उभी पट्टी धरून, म्हणजे मापं कळतील. पायाच्या बाजूला हातभर खोल खड्डा घे आणि खाली मुरूम लागतो की काळी माती, ते कळव. काळी माती असली तर चर कुठून न्यायचा याचा वेगळा विचार करावा लागेल, आणि त्यासाठी मी स्वतः येईन.

तुझा,
काका