निर्देशक बदलले की नॉन-गाउसियनिटीचं उत्तर का बदलतं?

तुमचा प्रश्न असा: इन्फ्लेशनचं (विश्वाच्या अगदी सुरुवातीच्या प्रचंड वेगवान प्रसरणाचं) मॉडेल तेच, तरी एका पेपरात एफएनएल (नॉन-गाउसियनिटीचं माप, म्हणजे आरंभीचे चढउतार साध्या घंटाकृती वितरणापासून किती ढळतात तो आकडा) छोटा पण शून्याहून वेगळा येतो आणि दुसऱ्यात निर्देशक (स्थळ-काळ मोजायची चौकट, कोऑर्डिनेट्स) बदलल्यावर चक्क शून्य होतो. मग खरं भाकीत कुठलं? मलाही या प्रश्नाने बरेच दिवस छळलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भौतिकशास्त्रज्ञ हुआन माल्दासेना यांनी 2002 साली दाखवलं, की एकाच क्षेत्रावर (फील्डवर) चालणाऱ्या साध्या इन्फ्लेशनमध्ये त्या चढउतारांची एक खूप लांब लहर आणि दोन आखूड लहरी घेतल्या, तर एफएनएल = 5/12 × (1 − एनएस). इथे एनएस म्हणजे लहरींची ताकद लांबीनुसार किती बदलते ते सांगणारा आकडा. प्लँक उपग्रहाच्या मोजणीत एनएस साधारण 0.965 आहे, म्हणजे उत्तर 0.015 च्या आसपास.

आता एकाच तालुक्याचे दोन नकाशे समोर ठेवा, एक 1:50,000 आणि दुसरा 1:25,000. कागदावर पट्टी लावली तर दुसऱ्यात गावं दुप्पट अंतरावर दिसतील. तालुका तोच आहे, फरक फक्त प्रमाणाचा. लांब लहर नेमकं हेच करते. आखूड लहरींच्या मानाने ती इतकी पसरलेली असते, की त्या भागापुरती ती जवळजवळ स्थिर संख्याच असते. ती एक्स या अंतराच्या जागी (1 + झीटा) × एक्स आणते, दुसरं काही नाही; झीटा म्हणजे चढउतारामुळे अवकाश किती ताणलं गेलं त्याचं माप.

मग (1 − एनएस) कुठून आला? समजा आखूड लहरींची नक्षी प्रत्येक प्रमाणावर हुबेहूब सारखी असती, म्हणजे एनएस 1 असता. तर नकाशा मोठा केला काय किंवा लहान केला काय, काहीच कळलं नसतं. नक्षी किंचित वेगळी आहे, म्हणून ताणल्याचा पत्ता लागतो, आणि तोही तेवढाच. हे पटलं की सूत्र पाठ करावं लागत नाही.

पण त्या भागात बसलेला निरीक्षक स्वतःच्या पट्टीने, किलोमीटरमध्ये मोजतो. 2013 मध्ये पायेर, श्मिट आणि साल्दारियागा यांनी असे स्थानिक निर्देशक (कन्फॉर्मल फर्मी) घेतले, आणि (1 − एनएस)चं हे पद नाहीसं झालं. उरतो तो परिणाम लांब आणि आखूड लहरींच्या तरंगसंख्यांच्या (लहर जितकी लांब, तितकी ही संख्या लहान) गुणोत्तराच्या वर्गाइतका, म्हणजे फारच बारीक.

म्हणून माल्दासेना चुकले असं म्हणू नका. झीटाचा त्रिबिंदू सहसंबंध (तीन ठिकाणच्या मूल्यांचा एकत्रित संबंध) त्यांनी बरोबर काढला, पण दुर्बिणीत झीटा दिसत नाही. दिसतात ते कोन, तापमान आणि रेडशिफ्ट (प्रकाशाचं लाल रंगाकडे सरकणं). तिथपर्यंत गणित नेलं, वाटेतलं प्रकाशाचं वळणं वगैरे धरलं, तर कुठल्याही निर्देशकांतून उत्तर एकच यायला हवं. गडबड होते ती मध्येच थांबून त्या आकड्याला निरीक्षण म्हटल्यामुळे.

दोन किंवा अधिक क्षेत्रं असली तर गोष्ट वेगळी. तिथे लांब लहर नुसतं प्रमाण बदलत नाही, त्या भागाचा पुढचा इतिहासच बदलते. तो परिणाम निर्देशक बदलून पुसता येत नाही. प्लँकने 2018 च्या विश्लेषणात या स्थानिक प्रकारच्या एफएनएलसाठी −0.9 ± 5.1 दिलं. मार्च 2025 मध्ये अवकाशात गेलेल्या स्फीअरएक्स दुर्बिणीचं लक्ष्य ही अनिश्चितता 1 च्या खाली आणण्याचं आहे. दीर्घिकांच्या वितरणातले सापेक्षतेचे परिणाम त्याच पातळीवर एफएनएलचं सोंग घेऊ शकतात, त्यामुळे ते परिणाम वजा करणं हा आता प्रत्यक्ष मोजणीचाच भाग आहे.