ऑस्ट्रेलियन कारकून 1915 मध्ये सैन्यात गेला, त्याच्या लष्करी सेवेच्या फाइलीत ‘कॅज्युअल्टी फॉर्म’ आहे. म्हणजे तो जखमी झाला होता का?

नाही, नुसत्या त्या फॉर्मवरून तसं म्हणता येत नाही. बी-103 क्रमांकाचा हा कागद परदेशी आघाडीवर गेलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या फाइलीत असतो. बदली, बढती, रजा, गालगुंडासाठी इस्पितळ, असं सगळंच त्या काळच्या लष्करी भाषेत ‘कॅज्युअल्टी’. जखम शेऱ्यांत शोधा:

- डब्ल्यू.आय.ए.: लढाईत जखमी
- जी.एस.डब्ल्यू.: गोळीची जखम (तोफगोळ्याच्या तुकड्यांची जखमही बरेचदा यातच ढकललेली)
- टी.ओ.एस.: तुकडीच्या पटावर घेतला, बाकी काही नाही

लोक हमखास फसतात ते तारखांत. डावीकडची तारीख खबर आल्याची. घटनेची तारीख उजवीकडे, ठिकाणाशेजारी. ती उजवीकडचीच तारीख धरून ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलच्या संकेतस्थळावर एडब्ल्यूएम-4 मालिकेतली त्याच्या बटालियनची युद्धदैनंदिनी उघडा, त्या दिवशी तुकडी खंदकात होती की मागे विश्रांतीला, ते कळेल. मूळ फाइली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या बी-2455 मालिकेत फुकट पाहता येतात. शोधताना नाव आणि सैनिक क्रमांक दोन्ही जुळवा, कारण एकच क्रमांक वेगवेगळ्या तुकड्यांत अनेकांना दिलेला आहे.

एक मात्र: भरतीच्या अर्जावरचा ‘क्लार्क’ हा नागरी व्यवसाय. त्यावरून लष्करातही तो टेबलावरच बसला असं धरू नका. ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅट गावचा विल्यम डन्स्टन कारकूनच होता. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस हा शौर्याचा सर्वोच्च सन्मान मिळाला तो 9 ऑगस्ट 1915 च्या लोन पाइनच्या (तुर्कस्तानातलं गॅलिपोली) खंदकातल्या लढाईसाठी.