चेक, शह आणि राजाचा हिशेब

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. तिचा प्रश्न असा की बँकेत भरतो तो चेक, शर्टावरचे चेक्स, वही चेक करणं आणि बुद्धिबळातला ‘चेक’ हे चार वेगळे शब्द आहेत की एकच? बँकेच्या चेकचं स्पेलिंग पुन्हा निराळंच. मला सांगता आलं नाही.
(एक पालक, बार्शी)

उत्तर : शब्द एकच. बुद्धिबळाचा अर्थ सर्वांत जुना आणि बाकीचे सगळे त्याच्याच पोटातले. मुलीला आधी एवढंच सांगा की इंग्रजी ‘चेक’ आणि मराठी ‘शह’ ही एकाच घरातली भावंडं आहेत.

घर इराणचं. आपलं ‘चतुरंग’ तिकडे जाऊन ‘चतरंग’ झालं आणि राजाच्या मोहऱ्याला ‘शाह’ म्हणू लागले. राजावर मारा आला की प्रतिस्पर्ध्याला ‘शाह!’ असं बजावायचं, म्हणजे राजा सांभाळ. हा खेळ अरबांबरोबर युरोपात गेला, जुन्या फ्रेंचमध्ये ‘शाह’चा ‘एशेक’ झाला आणि १०६६ साली इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन लोकांची फ्रेंच तिथे रुजल्यावर त्याचा ‘चेक’ झाला. खेळाचं ‘चेस’ हे नाव म्हणजे त्याच फ्रेंच शब्दाचं अनेकवचन. आपल्याकडे मात्र फारसीतून थेट ‘शह’ आला. ‘चेकमेट’मधला ‘मेट’ म्हणजे आपली ‘मात’. अरबीच्या आधाराने ‘शाह मात’चा अर्थ ‘राजा मेला’ असा सांगतात, पण मला फारसीतला ‘हतबल झाला’ हाच पटतो, कारण पटावर राजा कधी मारला जात नाही, त्याची वाट तेवढी बंद होते. माझं बालपण सांगलीत बुद्धिबळाच्या पटाशेजारीच गेलं. वजिराने मात करण्यापेक्षा प्याद्याने केलेली मात आमचे मामा फार मोलाची मानत.

शब्द त्याहूनही मागे नेता येतो. इराणात बेहिस्तूनच्या कड्यावर इ.स.पू. ५२० च्या सुमारास दार्युश राजाने लेख कोरवून घेतला. त्यात राजासाठी जुना फारसी शब्द आहे ‘ख्शायथिय’. त्याचा पुढे ‘शाह’ झाला आणि संस्कृतातलं ‘क्षत्र’ त्याच धातूचं. वर्गात हे फळ्यावर लिहून दाखवताना मला दर वर्षी तितकाच आनंद व्हायचा.

आता शर्टाकडे आणि बँकेकडे येऊ. पटाला फ्रेंचमध्ये ‘एशेकिए’ म्हणत. पटासारखे चौकडे असलेलं कापड ते चेक्सचं. पण याच शब्दाने इंग्लंडच्या राजाच्या तिजोरीलाही नाव दिलं, आणि ती गोष्ट मला सर्वांत आवडते. बाराव्या शतकात परगण्यापरगण्याचे शेरीफ, म्हणजे राजाचे वसुली अधिकारी, राजाचा वसूल घेऊन ईस्टरला आणि सप्टेंबरअखेरच्या मायकेलमस सणाला हिशेबाला येत. समोर दहा फूट लांब, पाच फूट रुंद मेज आणि त्यावर रेघा आखलेलं काळं कापड. पेनी, शिलिंग, पौंड, वीस पौंड, शंभर पौंड असे रकाने, आणि त्यांत सोंगट्या मांडून बेरीज-वजाबाकी. रोमन आकड्यांत बेरीज करायची म्हणजे जिवावरचं काम. या कापडावर ती लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही डोळ्यांनी दिसे. मेज पटासारखं दिसे, म्हणून कचेरीचं नाव ‘एक्स्चेकर’ पडलं. दुसऱ्या हेन्रीचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने या कचेरीवर ग्रंथ लिहिला. तो म्हणतो, इथेही दोघांत लढाई चालते, एका बाजूला खजिनदार आणि दुसऱ्या बाजूला शेरीफ. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला आजही ‘चॅन्सलर ऑफ द एक्स्चेकर’ म्हणतात.

राहिलं ‘तपासणं’. शह बसला की चाल खुंटते, म्हणून ‘चेक’ म्हणजे अडवणं, आवर घालणं. आपल्या ओढ्यांवरचे चेकडॅम पाण्याचा वेग अडवतात, ते याच अर्थाने. फलंदाज बॅट मध्येच आवरून मारतो तो चेक्ड ड्राइव्हही तसाच. लबाडीला आवर घालायचा तर कागद दुसऱ्या प्रतीशी ताडून बघावा लागतो, आणि त्यातून तपासणं आलं. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये ‘चेक’ म्हणत ते पैसे देण्याच्या चिठ्ठीच्या स्थळप्रतीला, कारण खोटी चिठ्ठी तिच्यामुळे पकडली जाई. पुढे ते नाव चिठ्ठीलाच चिकटलं. ‘एक्स्चेकर’च्या वळणाने ब्रिटिश ते शेवटी ‘क्यू-यू-ई’ घालून लिहू लागले आणि आपण त्यांचंच स्पेलिंग उचललं. अमेरिकेत साधं ‘सी-के’च राहिलं. त्यामुळे मुलीच्या परीक्षेत बँकेचा चेक ‘क्यू-यू-ई’नेच लिहायचा, बाकी सगळे ‘सी-के’ने.

प्रश्न : इथे हॉटेलात जेवण झाल्यावर बिल मागताना ‘चेक’ म्हणतात. हा कुठला?
(एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : हा स्थळप्रतीच्याच घराण्यातला. अमेरिकेत ताडून बघायच्या कुठल्याही चिठ्ठीला किंवा बिल्ल्याला चेक म्हणायची रीत पडली. कोट ठेवायला दिला की मिळतो तो बिल्ला, तसा जेवणाच्या हिशेबाचा कागद. ‘रेन चेक’ हा बेसबॉलच्या मैदानावरचा. पावसाने सामना बुडाला तर तिकिटाचा उरलेला भाग दाखवून पुढचा सामना बघता येई.

प्रश्न : मग चेक प्रजासत्ताक?
(एक विद्यार्थी, कराड)

उत्तर : त्याचा यांच्याशी काही संबंध नाही. ते त्या लोकांचं स्वतःचं नाव आहे, आणि दंतकथेप्रमाणे चेख नावाच्या मूळपुरुषावरून पडलेलं. इंग्रजीत ‘सी-झेड’ने सुरू होणारं त्याचं स्पेलिंग पोलिश लिपीवरून आलं आहे.