राज्यशास्त्र म्हणजे नेमकं काय? प्रत्येक पुस्तकात व्याख्या वेगळी का?

तुम्ही एफ.वाय.ला आहात, पुस्तकात पाच-सहा व्याख्या दिल्यात आणि परीक्षेत कुठली लिहायची ते कळत नाही, असं प्रश्नात म्हटलंय. मी हा विषय शिकवतो, तेव्हा जरा सविस्तर सांगतो.

आपल्याकडे सर्वांत पाठ असलेली व्याख्या अमेरिकी अभ्यासक गार्नरची: राज्यशास्त्राचा आरंभ आणि शेवट राज्यापाशीच होतो. त्याच्या आधी स्विस कायदेपंडित ब्लंटश्लीही जवळपास तेच म्हणत होता. एकोणिसाव्या शतकात युरोपात जर्मनी, इटली अशी नवी राज्यं उभी राहत होती. तेव्हा सार्वभौमत्व कुणाचं, घटना कशी असावी, हेच प्रश्न मोठे होते. म्हणून अभ्यास राज्य, शासन, कायदा एवढ्यात मावला. (ॲरिस्टॉटलची नजर याहून मोठी होती. त्याने आणि शिष्यांनी 158 राज्यघटना गोळा केल्याचं सांगतात, पण माणसाने चांगलं कसं जगावं हाही त्याच्या लेखी राजकारणाचाच प्रश्न.)

मग जर्मनीत वायमारची राज्यघटना आली, 1919 ची. कागदावर उत्तम. तरी 1933 मध्ये हिटलर सत्तेवर बसलाच. कलमं वाचून हे कसं समजणार? अमेरिकेत तर 1920 च्या दशकापासूनच मेरियमसारखे अभ्यासक मतदार, पक्ष, दबावगट यांच्याकडे वळले होते. कलमांपेक्षा माणसं प्रत्यक्षात कशी वागतात ते मोजायचं, या पद्धतीला पुढे वर्तनवाद म्हणू लागले. लासवेलने 1936 मध्ये सरळ विचारलं: कुणाला, काय, केव्हा आणि कसं मिळतं? 1953 मध्ये डेव्हिड ईस्टनने राजकारणाला ‘मूल्यांचं अधिकृत वाटप’ म्हटलं; म्हणजे पाणी, नोकऱ्या, मानमरातब यांचं असं वाटप, जे समाज बंधनकारक मानतो. गंमत म्हणजे 1969 मध्ये याच ईस्टनने आपल्याच वर्तनवादी पंथाला सुनावलं: बाहेर व्हिएतनाम पेटलंय, वर्णद्वेषाचा प्रश्न धुमसतोय आणि आपण आकडेमोडीत रमलोय. पुस्तकात याला उत्तर-वर्तनवाद, म्हणजे वर्तनवादानंतरचा टप्पा, म्हणतात. घरातल्या सत्तेचा मुद्दा स्त्रीवाद्यांनी लावून धरला तोही याच सुमारास.

फरक बघायचा तर ग्रामपंचायत घ्या. गार्नरचा विद्यार्थी 73 वी घटनादुरुस्ती वाचेल, महिलांना किमान एक तृतीयांश जागा, महाराष्ट्रात निम्म्या, असं लिहून मोकळा होईल. वर्तनवादी कुणी कुणाला मत दिलं ते मोजेल. पण सरपंचबाई सहीपुरत्या आणि ग्रामसभेत उत्तरं देतात त्यांचे ‘सरपंचपती’, हे कुठल्या कलमात सापडणार? ते बघायला घरात डोकवावं लागतं. आता तेही राज्यशास्त्रच मानतात, आणि माझ्या मते विषयातला सगळ्यात रंगतदार भाग तोच.

पेपरात गार्नर आणि ईस्टन दोघेही लिहा, आणि मधे काय घडलं त्यावर चार ओळी. नुसत्या व्याख्या उतरवलेले पेपर तपासताना आम्हालाही झोप येते.